खाण्याची तल्लफ चुंबकाने जाते का?

पोट भरलेले असते. ज्वारीची भाकर, वरण, भाजी, वाटीभर ताक, सगळे व्यवस्थित झालेले असते. तरी हात डब्याकडे जातो आणि चिवड्याची मूठ तोंडात पडते. दुपारी चारच्या चहासोबत काहीतरी ‘तोंडात टाकायला’ लागते. एस.टी. स्टँडवरून जाताना कढईतून निघालेल्या आलूबोंड्याचा वास आला की पाय आपोआप थबकतात. वाचकहो, ही भूक नव्हे. ही तल्लफ. चहाची, तंबाखूची तल्लफ आपल्याला चांगली ठाऊक आहे. तशीच ती खाण्याचीही असते.

माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांमध्ये या तल्लफेने बेजार झालेले पुष्कळ आहेत. आर्णीकडचे एक शेतकरी गृहस्थ म्हणाले, “सायेब, पोट तं भरते, पण जीव मानत नाही.” त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की, “यायचं मनच कच्चं हाये.” मग त्या गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढून एक जाहिरात दाखवली. डोक्याला पट्टा बांधायचा, वीस मिनिटे बसायचे, खाण्याची इच्छा आपोआप कमी. कापसाचे चार पैसे हातात आले होते आणि ते मशीन मागवायचा त्यांचा विचार होता. अशी विचारणा आणखी तिघा-चौघांनी केली, म्हणून आज या विषयावर लिहितो.

जाहिरातीत सांगतात ते सगळेच खोटे नाही. डोके न उघडता, ऑपरेशन न करता, बाहेरून चुंबकाने किंवा सौम्य विजेने मेंदूच्या कामात थोडा बदल करता येतो, हे खरे आहे. जगातल्या मोठ्या विद्यापीठांत त्यावर संशोधन चालू आहे. पण प्रयोगशाळेत जे दिसले आणि जाहिरातीत जे विकले जाते, त्यात बरेच अंतर आहे. ते अंतर समजले तर पैसाही वाचेल आणि घरातले बोल लावणेही कमी होईल.

भूक वेगळी, तल्लफ वेगळी

भूक ही शरीराची गरज आहे. जेवून चार-पाच तास झाले की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या बदामाएवढ्या भागाला निरोप जातो की आता अन्न हवे. हे भुकेचे केंद्र शोधून काढण्यात एका भारतीय डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९५१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात डॉ. बी. के. आनंद आणि डॉ. जॉन ब्रोबेक यांनी उंदरांवर प्रयोग केले. हायपोथॅलॅमसच्या दोन्ही कडांचा एक लहानसा भाग निकामी केला, तेव्हा समोर खाणे असूनही उंदरांनी त्याला तोंड लावले नाही. पुढे डॉ. आनंद यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला.

तल्लफेला अशी गरज लागत नाही. तिला आठवण पुरते. वास, डब्याचा आवाज, चहाची वेळ, टी.व्ही. समोरची ठरलेली खुर्ची, एवढ्यावर ती जागी होते. रशियातील शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांची गोष्ट आपण शाळेत वाचली असेल. खाणे येण्याआधी ठराविक आवाज केला जाई. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच त्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले. आपलेही तसेच होते.

दोहोंतला फरक ओळखायची सोपी खूण अशी. भूक हळूहळू वाढते आणि कशानेही भागते, सकाळची उरलेली भाकर आणि ठेचाही गोड लागतो. तल्लफ एकदम येते आणि तिला तीच वस्तू हवी असते. पेढा हवा असेल तर भाकर चालत नाही. भूक भागली की समाधान वाटते. तल्लफ भागली की बरेचदा हळहळ वाटते.

येथे एक सूचना मधुमेहाच्या रुग्णांसाठी. आपण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल आणि एकाएकी खा-खा सुटून घाम फुटला, हातपाय थरथरले, छातीत धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती तल्लफ समजून दाबू नका. ती रक्तातील साखर फार उतरल्याची खूण असू शकते. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावे. माणसाची शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही न घालता तडक दवाखान्यात न्यावे.

बैल आणि कासरा

मेंदूत तल्लफेचे काम कसे चालते, ते बैलगाडीच्या उदाहरणाने पाहू. मेंदूच्या आत खोलवर काही केंद्रे आहेत. आवडीची वस्तू दिसली, किंवा मिळेल असे वाटले, की तेथे डोपामिन नावाचे रसायन वाढते आणि ‘घे, घे’ अशी ओढ लागते. हा झाला बैल. १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत खोलवर बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यात एक दांडी ठेवली. दांडी दाबली की तारेतून किंचित वीज जाई. उंदीर ती दांडी तासाला शेकडो वेळा दाबत राहिले. ओढ म्हणजे काय, हे या प्रयोगाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले.

दुसरा भाग कपाळाच्या मागे, थोडा वर, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना आहे. पुढचा विचार करणे, डॉक्टरांनी सांगितलेले आठवणे, हात आखडता घेणे हे काम या भागाकडे असते. हा झाला कासरा. बैल सगळ्यांचाच ओढतो. कासरा मात्र कधी घट्ट असतो, कधी सैल.

कासरा सैल का पडतो? झोप कमी झाली, काळजी लागली, दिवसभर उन्हात राबून अंग आंबले, जेवणाची वेळ टळली की तो सैल पडतो. २००४ साली शिकागो विद्यापीठात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि गोड-खारट खाण्याची इच्छा बरीच वाढली. हे धडधाकट तरुण होते. रात्री ओलितासाठी जागणाऱ्या शेतकऱ्याचे, रात्रपाळीच्या पोलिसाचे, दवाखान्यातील सिस्टरचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल. म्हणून ‘मन कच्चे आहे’ हा शेरा मला पटत नाही. दमलेल्या माणसाच्या हातून कासरा सुटतो, त्यात लबाडी नसते.

डोक्याला चुंबक लावतात म्हणजे काय करतात?

सायकलचा डायनामो आठवा. चाक फिरले की आत चुंबक फिरते, तारेत वीज तयार होते आणि दिवा लागतो. बदलत्या चुंबकाने वीज तयार होते, हा नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधला. त्याच नियमावर १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र तयार केले. तांब्याच्या तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरायचे आणि त्यातून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडायचा. एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकणारा चुंबकीय ठोका तयार होतो. तो कवटीतून आरपार जातो आणि खालच्या मेंदूत किंचित वीज निर्माण करतो. हाताच्या हालचालीच्या भागावर वेटोळे धरले तर बोट आपोआप हलते. या पद्धतीला ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टी.एम.एस. म्हणतात.

दुसरी पद्धत याहून साधी आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळाला व डोक्याला लावायचे आणि बॅटरीवरून एक ते दोन मिलिअँपिअर इतका प्रवाह साधारण वीस मिनिटे सोडायचा. टॉर्चच्या जुन्या बल्बला लागणाऱ्या प्रवाहाचा हा शंभरावा भागही होत नाही. तिला टी.डी.सी.एस. म्हणतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. नेहमीच्या यंत्राचे चुंबक डोक्याच्या त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरच आत पोहोचते. भुकेचे केंद्र आणि ओढीची केंद्रे त्याहून खूप खोल आहेत. त्यामुळे या यंत्राने भूक मारता येत नाही आणि बैलालाही हात लागत नाही. पोहोचता येते ते कपाळामागच्या कासऱ्यापर्यंत. तो थोडा घट्ट करता आला तर ओढ आवरेल, अशी या सगळ्या संशोधनामागची कल्पना आहे.

प्रयोगात काय दिसले?

नव्या उपचाराची परीक्षा करताना डॉक्टर एक युक्ती करतात. निम्म्या लोकांना खरे यंत्र लावतात, निम्म्यांना तसेच दिसणारे, तसाच टकटक आवाज करणारे नकली यंत्र. कोणाला कोणते लावले हे त्यांना सांगत नाहीत. कारण कोणी आस्थेने विचारपूस केली, डोक्याला काही लावले, की माणसाला तेवढ्यानेही बरे वाटते. खरे आणि नकली यांत फरक पडला तरच यंत्राचा गुण मानायचा.

२००५ साली लंडनमध्ये असा प्रयोग झाला. वारंवार खाण्याची तल्लफ येणाऱ्या २८ स्त्रियांना त्यांच्या आवडीचे पदार्थ दाखवले. मग कपाळाच्या डाव्या भागावर काहींना खरे, काहींना नकली चुंबकीय ठोके दिले आणि पदार्थ पुन्हा दाखवले. नकली यंत्र लावलेल्यांची तल्लफ वाढली. खरे यंत्र लावलेल्यांची वाढली नाही, होती तेथेच थांबली. गोष्ट एवढ्यावर संपली असती तर जाहिरातवाल्यांचे म्हणणे खरे ठरले असते. पण त्यानंतर तेच खाणे त्यांच्यासमोर मोकळे ठेवले, तेव्हा दोन्ही गटांतील स्त्रियांच्या खाण्यात फरक पडला नाही. इच्छा आवरली, हात आवरला नाही.

नंतरच्या वर्षांत असे पुष्कळ प्रयोग झाले. २००८ मध्ये २३ जणांवर बॅटरीच्या सौम्य विजेचा प्रयोग झाला आणि तल्लफ थोडी कमी झाल्याचे दिसले. २०१७ साली कॅनडातील संशोधकांनी तोवरचे सगळे प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला. त्यात तीन गोष्टी निघाल्या. चुंबकाने खाण्याची तल्लफ मध्यम प्रमाणात कमी होते. बॅटरीच्या सौम्य विजेचा म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. आणि प्रत्यक्ष खाल्लेल्या अन्नात घट झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

चांगली बातमीही सांगायला हवी. २०१९ साली इटलीतील मिलान येथील डॉक्टरांनी ३४ लठ्ठ रुग्णांवर जास्त खोल जाणारे चुंबकयंत्र पाच आठवडे वापरले. ज्यांना जलद ठोके दिले त्यांचे वजन नकली यंत्रवाल्यांपेक्षा अधिक उतरले. मार्ग अगदीच बंद नाही, हे यावरून कळते. पण ३४ माणसांवरून गावोगावी उपचार सुरू करता येत नाही. खाण्याच्या तल्लफेसाठी किंवा वजन उतरवण्यासाठी या यंत्रांना अमेरिकेच्या ‘एफडीए’ या औषध नियंत्रण संस्थेने मान्यता दिलेली नाही. कोणी ‘खात्रीने वजन उतरवतो’ असे सांगत असेल, तर खात्रीचा हा शब्द त्याच्या पदरचा आहे असे समजावे.

खर्ऱ्याचे काय?

हा प्रश्न आपल्या भागात येणारच. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसातून दहा वेळा तोंडात धरणारे वाचक हे वाचत असतील. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्ऱ्याची तल्लफ काही कमी झाली नाही. तिच्यापुढे चिवड्याची तल्लफ काहीच नाही, कारण तंबाखूत निकोटिन असते आणि ते त्या बैलाला चाबूक मारते.

तल्लफेच्या बाबतीत टी.एम.एस.ला एफडीएची मान्यता मिळाली ती सिगारेट सोडवण्यासाठी, ऑगस्ट २०२० मध्ये. त्यामागे २६२ जणांवरचा प्रयोग होता. तीन आठवडे रोज आणि पुढे तीन आठवडे आठवड्यातून एकदा उपचार दिला. विशेष म्हणजे दर वेळी आधी मुद्दाम सिगारेटची तल्लफ जागी करायचे आणि मग यंत्र चालू करायचे. खरे यंत्र लावलेल्यांपैकी सुमारे १९ टक्के लोकांनी सिगारेट सोडली, नकलीवाल्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांनी. म्हणजे फायदा दुपटीने झाला, पण शंभरातले ऐंशी तसेच राहिले. शिवाय हा प्रयोग सिगारेटचा होता, खर्ऱ्याचा नव्हता.

खर्रा सोडायचा असेल तर आज हाताशी असलेला मार्ग स्वस्त आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनची च्युइंग गम किंवा गोळ्या आणि सोबत समुपदेशन. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवा आहे. तोंड पूर्ण उघडत नसेल, आत पांढरा चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर आधी तोंड दाखवावे. त्यात दिरंगाई करू नये.

हे यंत्र खरोखर कोणासाठी आहे?

टी.एम.एस. म्हटले की लोकांना जुने ‘शॉक’ आठवतात. ही ती पद्धत नाही. शॉकच्या उपचारात भूल देऊन झटका आणतात. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल न देता शॉक देण्यास बंदी आहे. टी.एम.एस.मध्ये भूल लागत नाही. रुग्ण खुर्चीत जागा बसतो, डोक्यावर टकटक जाणवते, कानात बोळे घालतात आणि संपल्यावर तो आपल्या पायाने घरी जातो.

या यंत्राचा सर्वांत पक्का उपयोग नैराश्याच्या आजारात आहे. २००८ साली एफडीएने त्यासाठी मान्यता दिली. गोळ्यांनी पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांना त्याचा फायदा होऊ शकतो. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे, असा हा उपचार असतो. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे. उमरखेड-पुसदच्या रुग्णाला रोजची ये-जा शक्य नाही, राहण्याची सोय करावी लागते. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट, आधी गोळ्या आणि बोलणे, आणि त्यांनी सुचवले तरच यंत्र, असा क्रम ठेवावा.

हे मी मुद्दाम सांगतो. खाणे एकाएकी वाढणे किंवा अन्नावरची वासनाच उडणे, हे दोन्ही नैराश्याचे लक्षण असू शकते. आपल्या जिल्ह्याने कर्जाचे आणि नापिकीचे दिवस पाहिले आहेत. घरात कोणी गप्प गप्प राहत असेल, झोप उडाली असेल, ‘आता काही उरलं नाही’ असे बोलत असेल, तर त्याच्या खाण्याला नावे ठेवत बसू नका. त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही सरकारी मोफत सेवा आहे, ती मराठीतही बोलते.

घरी मशीन आणावे का?

माझे उत्तर नाही असे आहे. कारणे सांगतो.

घरी विकली जाणारी बहुतेक मशीन बॅटरीच्या सौम्य विजेची असतात आणि खाण्याच्या तल्लफेवर तिचाच परिणाम सर्वांत कमी दिसला आहे. दुसरे, स्पंज कोठे लावायचा, किती वेळ, किती प्रवाह, याला महत्त्व आहे. दोन बोटे इकडे-तिकडे झाले की मेंदूचा वेगळाच भाग येतो. स्पंज कोरडा पडला तर कातडी भाजते. २०१६ साली या विषयातील अनेक शास्त्रज्ञांनी पत्र प्रसिद्ध करून लोकांना घरगुती प्रयोगांबद्दल सावध केले होते. मेंदूच्या एका भागाला चालना देताना दुसऱ्या कामावर काय परिणाम होईल हे सांगता येत नाही आणि तो परिणाम बराच काळ टिकू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. नऊ व्होल्टच्या बॅटरीला तारा जोडून स्वतः मशीन करण्याचे व्हिडिओ पाहून घरातली तरुण मुले काही करत असतील तर त्यांना थांबवावे.

चुंबकाचे मोठे यंत्र तर तज्ज्ञांच्या हातीच असावे. त्याने डोके दुखते, जबडा किंवा डोक्याची कातडी थोडी वेळ दुखते. क्वचित, हजारात एकापेक्षाही कमी रुग्णांना फिट येते. ज्यांना फिट्स येतात, ज्यांच्या डोक्यात ऑपरेशनची धातूची क्लिप आहे, कानात यंत्र बसवलेले आहे किंवा छातीत पेसमेकर आहे, त्यांनी ही गोष्ट पहिल्या भेटीतच सांगावी.

मग करायचे काय?

तल्लफ कितीही जोराची असली तरी ती लाटेसारखी येते आणि ओसरते. तेवढी पंधरा मिनिटे काढता आली तर बरेच काम होते. २००९ साली इंग्लंडमधील एक्झिटर येथे चॉकलेट खाण्याची रोजची सवय असलेल्या २५ जणांना तीन दिवस चॉकलेटपासून दूर ठेवले आणि मग पंधरा मिनिटे झपझप चालायला लावले. चालताना आणि चालून आल्यावर त्यांची इच्छा कमी झाली. २०१४ साली प्लायमाउथ येथे लोकांना तीन मिनिटे ठोकळे रचण्याचा व्हिडिओ खेळ खेळायला दिला, तेव्हाही तल्लफेचा जोर उतरला. तल्लफ मनातल्या चित्रावर जगते. डोळे आणि हात दुसऱ्या कामात गुंतले की ते चित्र पुसट होते. मला वाटते, तांदूळ निवडणे, रांगोळी काढणे, सायकलची साखळी साफ करणे हीही कामे येथे उपयोगी पडतील.

रोजच्यासाठी काही साध्या गोष्टी लिहून ठेवाव्यात.

वेळेवर जेवावे. सकाळी नुसत्या चहावर शेतात किंवा ऑफिसात गेलेला माणूस अकराला समोशापुढे टिकत नाही. न्याहारीत मोड आलेली मटकी, उकडलेले हरभरे, अंडे, दही यांपैकी काहीतरी असावे. त्याने पोट जास्त वेळ भरलेले राहते.

घरात साठा ठेवू नये. दिवाळीचे डबे संक्रांतीपर्यंत पुरवण्याची हौस मधुमेहाच्या घराला महाग पडते. पदार्थ नजरेआड ठेवला तरी फरक पडतो. आवडीची वस्तू कायमची बंद करण्यापेक्षा ठरल्या दिवशी, ठरल्या मापाने, जेवणासोबत खावी. अगदी बंदी घातली की तिचीच जास्त आठवण येते.

ठिकाण आणि वेळ बदलावी. रोज ज्या टपरीवर चहासोबत आलूबोंडा होतो, त्या रस्त्याने आठ दिवस जाऊ नये. टी.व्ही. समोर ताट घेऊन बसू नये. मधुमेह असेल तर चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावी. जीभ हळूहळू सरावते.

झोप पुरी करावी. हे औषध फुकट आहे आणि सर्वांत कमी लोक घेतात.

भूक आणि वजन कमी करणारी काही नवी इंजेक्शने २०२५ मध्ये आपल्या बाजारात आली. त्यांच्यामागचा पुरावा या यंत्रांपेक्षा पुष्कळ भक्कम आहे. पण आली तेव्हा ती महाग होती, ती सर्वांना चालत नाहीत आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत. कोणी आठवड्यातून एक-दोनदा लपून भराभर पुष्कळ खात असेल, थांबवता येत नसेल आणि नंतर अपराधी वाटत असेल, तर तो एक आजार आहे. त्यावर उपचार होतात. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. शुगरच्या माणसाला चारचौघांत ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणायचे आणि त्याच्यासमोर जिलबीची परात मांडायची, हे दोन्ही एकाच लग्नात मी अनेकदा पाहिले आहे. त्याचा कासरा घट्ट व्हायला कोणत्याही चुंबकापेक्षा घरच्यांची साथ जास्त कामाची आहे. संध्याकाळी चिवड्याचा डबा उघडायच्या वेळी “चला, जरा फिरून येऊ” असे म्हणून चपला पायात घालाव्यात. पंधरा मिनिटे चालावे. आणि मशीनसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी करून घ्यावी. ती आधी केली नसेल तर याच आठवड्यात करावी.